उपडी टोपली

बुधवार, ५ नोव्हेंबर

तारीख मी सांगत नाही, फोन आपला आपणच टाकतो. मला तारखेचं काय? गुडघा रोज तोच दुखतो.

फोन चंद्रहासचा जुना. पूर्वी सासूची जुनी लुगडी सुनेकडे जायची, आता मुलाचे जुने फोन आईकडे येतात. पावसाळ्यात मी ओटीच्या पायरीवरून पडले तेव्हापासून बाजार सुटला. तेव्हापासून मी, ही खाट आणि खिडकीतली केळीची चार झाडं. झाडंही मला कंटाळली असतील.

आज मनवेलपाड्याहून अक्षया म्हणून एक मुलगी आली. कुठल्याशा कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली आहे. पैशाची नावं गोळा करते. पैशाला नावं ठेवणारी माणसं जन्मभर पाहिली, गोळा करणारी ही पहिलीच. म्हणाली, "आजी, नाणी गेली, नोटाही चालल्या, आता सगळे फोन दाखवून पैसे देतात. मग नावंही जाणार. तुम्ही इतकी वर्षं वसईच्या बाजारात पानं-केळी विकलीत, तुमच्याकडे असतील."

मी म्हटलं, "पैसे नाहीत, नावं आहेत. ती ने."

ढब्बू पैसा सांगितला, भोकाचा पैसा सांगितला. चवली, पावली, अधेली, बंदा रुपया. ती भराभर लिहीत होती. माझ्या तोंडून निघालेलं कोणी लिहून घेतंय हे मी पहिल्यांदा पाहिलं. लतिका, म्हणजे माझी सून, माझं एका कानाने ऐकते आणि दुसऱ्या कानाला टीव्ही असतो.

मुलीची नोकरी कच्ची आहे. जानेवारीअखेर छोटं पुस्तक करून सरांना द्यायचं. सरांना पटलं तर पक्की करतील, नाहीतर फेब्रुवारीत घरी. घरी बाप आजारी, आई नाही. हे तिने हसत सांगितलं. हसत सांगितलेलं मी जास्त मनावर घेते.

जाताना फोनवर एक चित्र दाखवून म्हणाली, "आजी, काही आठवलं की हे दाबा आणि बोला. तुमचं बोलणं आपोआप लिहिलं जाईल, आणि तेच पान माझ्याकडेही उघडेल. चालेल ना?"

म्हटलं, चालेल. पान उघडेल म्हणजे काय ते कळलं नाही. पण विचारलं असतं तर तिने आणखी समजावलं असतं, आणि समजून घ्यायचाही मला आता थकवा येतो. आमच्या घरच्या बोलीत बोललं तर या यंत्राला समजत नाही, म्हणून कचेरीत गेल्यासारखी नीट बोलते आहे.

मला अक्षर येत नाही. पण एवढं ऐकणारं मिळालंच आहे तर मनातलंही यात टाकावं म्हणते. त्यासाठी मी आपली एक युक्ती केली. शब्द सांगायचे तेव्हा फोन सुलटा, मनातलं बोलायचं तेव्हा उपडा. ही आमची बाजाराची रीत. टोपली उपडी घातली की तिच्याखालचं विकायचं नाही. खाली जेवणाचा डबा असो नाहीतर नातवंडांसाठी राखलेला केळ्यांच्या फणीतला तुकडा असो, गिऱ्हाईक विचारत नसे. कडेने पान बाहेर डोकावलं तरी विचारायचं नाही. विचारणारा बाहेरगावचा समजायचा.

आत्ता फोन उपडा आहे.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आली. येताना हातात नुसती नावं. तिची एक, माझी एक, असा सौदा ठरलाय आमचा.

"आजी, जर्मनीत पैशाला काही जण उंदीर म्हणतात."

"बरोबर आहे. दिवसा दिसत नाहीत."

"ऑस्ट्रेलियात पन्नासची नोट पिवळी, तिला अननस म्हणतात."

"आणि त्याची मोड म्हणजे फोडी का?"

"आणि रशियात पैशाला आज्या म्हणतात."

मी विचारलं, "का गं? कोणी सांभाळत नाही म्हणून?"

"तुम्हीच सांगा."

"उलटं आहे तिथलं. पैसे सगळ्यांना हवे असतात."

यावर ती हसली नाही. मग माझी पाळी आली आणि माझ्याकडे काही नव्हतं. चिल्लरीला मोड म्हणायचो ते सांगितलं, खुर्दा सांगितला, ते तिच्याकडे आधीच होतं. तिने पेनाला टोपण लावलं. म्हणाली, "झालं वाटतं आजी. मग पुढच्या बुधवारी मी अर्नाळ्याला जाते, तिथे एक बाई आहेत म्हणे."

पेन पिशवीत जात होतं. मी बोलून गेले, "बुटकी राहिली."

"बुटकी?"

"ते पाच रुपयांचं नाणं होतं ना, जाडजूड, लहानसं? आम्ही बायका त्याला बुटकी म्हणायचो."

टोपण निघालं. बुटकी लिहिली गेली. पुढचा बुधवार माझा राहिला.

फोन उपडा आहे म्हणून सांगते. अशी कुठली बुटकी नव्हती. बुटकी म्हणजे माझी धाकटी जाऊ, देव तिचं भलं करो, ती तशीच होती, आडवी आणि खणखणीत.

मग खरे शब्द संपले का? संपले नाहीत. आहेत. पण ते आमचे आतले. आम्ही भाजी-माळव्यावाल्या, पानवाल्या, फुलवाल्या बायकांनी आपसात भाव बोलायला केलेले. समोर गिऱ्हाईक उभं असायचं, आम्ही एकमेकींना किती सोडायचं, किती धरायचं ते त्यातून सांगायचो, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं या बायका पावसापाण्याचं बोलतायत. ते गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत ही बोली होती. देवाची शपथ घेतलेल्या निम्म्या आणि क्रॉसची घेतलेल्या निम्म्या. आता त्यातल्या मी आणि गास गावची लूर्डस उरलो. आणि ही मुलगी कितीही गोड असली तरी वही घेऊन आलेली आहे. घ्यायला आलेली. म्हणजे गिऱ्हाईकच.

आज चहा परत बिनसाखरेचा. साखर डॉक्टरने बंद केली, लतिकाने तर जिभेचीही केली. सुकेळी खावीशी वाटतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी. आमच्याच वाडीतली केळी आणि मीच आता आठवणीत खाते.

आणि या मुलीला दुसरा कुर्ता नाही का? दोन्ही वेळा तोच हिरवा.


बुधवार, १९ नोव्हेंबर

हिच्या आईने हिला काय संस्कार दिले होते कोण जाणे. मुलगी सुकेळी घेऊन आली. केळीच्या वाळक्या सोपात गुंडाळलेली, आगाशीहून आणली म्हणे. "एकच खायचं हं आजी, साखर आहे तुम्हाला." मी विचारलं, तुला कसं सुचलं? म्हणाली, सुचलं.

कुर्ता पिवळा होता. आल्या आल्या समोर उभी राहून म्हणाली, "आज पिवळा, आजी." जशी काही मी तपासणीला बसले होते.

ती म्हणाली, चिली म्हणून देश आहे, तिथे शंभराच्या नाण्याला कोळंबी म्हणतात. मी म्हटलं, मग तिथले लोक आमच्या कोळणीकडे यावेत, एका कोळंबीत एक कोळंबी मिळायची.

मी तिला मामलेदारीण दिली. ती दोन हजारांची गुलाबी नोट आली होती ना मध्यंतरी, केवढ्या थाटात, आणि कोणाला मोड देता येईना. बाजारात हिंडली चार दिवस मान वर करून आणि बदलीवर निघून गेली. अक्षया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण पेन मात्र काढलं नाही. मी म्हटलं, लिही की. म्हणाली, "लिहिते आजी, लक्षात राहील." आळशी झाली आहे. तरुण मुलींचं असंच, पहिल्या दिवशी भराभर, मग ढील.

मग विचारलं, "बुटकी आणि मामलेदारीण, दोघींचं पटायचं का हो?"

मी म्हटलं, "एकीच्या घरात दुसरी कधी टिकली नाही."


शनिवार, २२ नोव्हेंबर

आज काही नाही. गुडघा. खिडकी. लतिका म्हणाली, "आई, दिवसभर फोनशी काय बोलता?" म्हटलं, तो मध्ये बोलत नाही म्हणून.

फोन उपडाच. शेकायची पिशवी फुटली आहे, चंद्रहासला तीनदा सांगितलं. तो म्हणतो लतिकाला सांग, लतिका म्हणते यांना सांगा.


बुधवार, २६ नोव्हेंबर

शेकायची पिशवी आली. निळी, रबरी. मनवेलपाड्याच्या औषधाच्या दुकानातून. मी म्हटलं, चंद्रहासने तुला फोन केला होता का? ती म्हणाली, "नाही हो, आमच्या बाबांना घेतली, एकावर एक स्वस्त होती." अशा वस्तूही एकावर एक मिळायला लागल्या. दुखणी वाढली असतील.

शब्द विचारला नाही तिने. मीच दिला. सौदा म्हणजे सौदा. रुसकी. रुसकी म्हणजे कोपरा गेलेली नोट, मध्ये चिकटपट्टी लावलेली. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने गळ्यात मारायची, मग आपण ती चहावाल्याला द्यावी, त्याने बर्फवाल्याला, आणि दुपारी ती फिरून परत आपल्याच पिशवीत. कोणी फाडून टाकत नाही, कोणी ठेवूनही घेत नाही. या हातातून त्या हातात.

सांगता सांगता माझी मीच थांबले. अक्षयाने पिशवी माझ्या गुडघ्यावर नीट ठेवली आणि म्हणाली, "आजी, चिकटपट्टी लावलेली नोट बँकेत पूर्ण किमतीला घेतात."

"बँक लांब आहे गं," मी म्हटलं.

अंधार पडायला लागला तरी उठेना. मी म्हटलं, जा, बाबा वाट बघत असतील. म्हणाली, "ते झोपतात या वेळेला." मग रिक्षा मिळणार नाही म्हणून घाबरवलं, तेव्हा गेली.


बुधवार, १० डिसेंबर

मागच्या बुधवारी आली नव्हती, सरांनी बोलावलं होतं. मी शब्द तयार ठेवला होता, वाया गेला.

आज आली ती वाईट बातमी घेऊन. म्हणजे ती चांगली म्हणून सांगत होती.

"आजी, मी गासला गेले होते. लूर्डस आजींकडे."

मी खिडकीकडे बघत विचारलं, "कशी आहे? दात बसवले का?"

"बसवले. मी त्यांना विचारलं, रुसकी ऐकलंय का."

"मग?"

"म्हणाल्या, ऐकलंय म्हणजे? आम्ही रोज म्हणायचो. आणि बुटकीचा अर्थही बरोबर सांगितला. मी नाणं सांगितलं नव्हतं, नुसतं विचारलं, बुटकी म्हणजे काय असेल? तर म्हणाल्या, प्रेमा काय म्हणाली? मी म्हटलं, पाच रुपयांचं. म्हणाल्या, तेच."

लूर्डस, तुझ्यावर आभाळ कोसळो आणि तू सुखी राहा.

अक्षया पुढे म्हणाली, अगदी हळू, "दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या समाजांत एकच शब्द मिळाला की सर तो खरा धरतात. मग छापायला काही अडत नाही."

असं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी म्हटलं, "हवा गार झाली आहे ना?"

"झालीय," ती म्हणाली.

फोन उपडा. माझी गंमत आता हिच्या नावाने छापली जाणार. कोणी शहाणा उठेल आणि म्हणेल, ही मुलगी खोटं लिहिते. तिची नोकरी जायची, नाव जायचं. आणि मी का केलं? बुधवारासाठी. खरं सांगितलं तर ती परत येणार नाही. नाही सांगितलं तर ती येत राहील आणि बुडेल. माझी पन्नास वर्षं भाव करण्यात गेली, पण दोन्हीकडून तोट्याचा असा सौदा कधी पदरात पडला नव्हता.


गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. लूर्डस नातवाच्या गाडीतून आली, फराळ घेऊन. पांढरी साडी, नवे दात, काठी. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच भेटलो. दोघींनी आधी एकमेकींना नीट बघून घेतलं, कोण जास्त म्हातारी झाली ते.

"तू," ती म्हणाली.

"तूच," मी म्हटलं.

लतिका चहाला आत गेल्यावर मी धरलं तिला. "लूर्डस, रुसकी असला शब्द होता का आपला कधी?"

"नव्हता."

"मग त्या पोरीला हो का म्हणालीस?"

लूर्डसला रागच आला. "गिऱ्हाइकासमोर तुझा भाव मी कधी पाडला होता गो? तू वीसला म्हणायचीस, मी शेजारी बसून पंधराला म्हटलं का? कधी? तू काय सांगून ठेवलंयस मला काय माहीत. मी म्हटलं, प्रेमा म्हणते ते."

तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, "त्या मुलीची नोकरी आहे यात. आपण खोटे दिले तर तिचं वाईट होईल. आपले खरे देऊ. आता आपल्याला ते कशाला हवेत? कोणाशी बोलणार आहोत आपण?"

लूर्डसने काठीची मूठ चोळली. मग म्हणाली, "मी बोलते."

"कोणाशी?"

"मनाशी. दुकानात नातसून काही विकत घेते तेव्हा मी मनात आपल्या शब्दांनी भाव लावते. तेवढंच उरलंय माझं. ते पुस्तकात गेलं की तिचंही झालं, सगळ्यांचं झालं. आणि प्रेमा, ती गिऱ्हाईक आहे. चांगली आहे, पण गिऱ्हाईक आहे. शपथ कोणाबद्दल होती? चांगल्या गिऱ्हाइकाला सोडून अशी होती का?"

नव्हती. मी चहा प्याले. आज नाताळ म्हणून लतिकाने त्यात साखर घातली होती, तरी कडू लागला.


बुधवार, ७ जानेवारी

अक्षया वाळली आहे. पुस्तक जुळवते आहे, रात्री बापाचं बघते. आज शब्दबिब्द नको, नुसती बसते म्हणाली. पायाशी भिंतीला टेकून बसली आणि तिथेच झोप लागली. मी हाक मारली नाही. लतिकाने दाराशी येऊन पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्यासाठी कधी केला नाही.

उठल्यावर लाजली. म्हणाली, "आजी, सौद्यात माझंच राहिलं. कॅनडात एका डॉलरच्या नाण्यावर पाणपक्षी आहे, तर त्या नाण्याला पक्ष्याचंच नाव पडलंय."

मी म्हटलं, उडून जात असेल म्हणून.

मग मी तिला उसासा दिला. म्हटलं, बाजार उठला, टोपल्या आवरल्या, टेम्पोवाल्याचे दिले, जागेचे दिले, की कमरेच्या पिशवीत हात घालायचा. तळाशी एखादं नाणं बोटाला लागतं. तो उसासा. तो खर्चायचा नाही. तो हाताला लागला की उठायचं बळ येतं.

हा शब्दही नव्हता. पण ते नाणं होतं. रोज होतं. नाव द्यायचं राहिलं होतं एवढंच.

ती म्हणाली, "हा मात्र मी लिहिणार," आणि पेन काढलं.

फोन उपडा. पुढच्या बुधवारी संक्रांत आहे. तिळगूळ हातात देऊन सगळं सांगून टाकणार. जाईल तर जाईल.


बुधवार, १४ जानेवारी

सांगणार होते. तिळगूळ दिला, म्हटलं, "अक्षया, ती बुटकी आणि ती रुसकी..."

तिने माझा हात धरला. दुसऱ्या हाताने खाटेवरचा फोन उचलून उपडा ठेवला आणि म्हणाली, "राहू दे आजी. उपड्या टोपलीखालचं विचारू नये."

ती गेल्यावर विचार करते आहे, टोपलीची रीत मी हिला कधी सांगितली? सांगितली असेन. आजकाल काय सांगितलं आणि काय नुसतं मनात म्हटलं, माझं मलाच राहत नाही.


बुधवार, २१ जानेवारी

अक्षया आली नाही. आज सरांना पुस्तक दाखवायचं आहे.

लतिका झाडू मारत होती. खाटेवरचा फोन उचलून म्हणाली, "हा असा उपडा का घालता हो आई? काच घासते."

मी म्हटलं, "खासगी बोलते तेव्हा उपडा. म्हणजे आतलं आत राहतं."

लतिका झाडू धरून उभी राहिली. मग खाली बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यापाशी अशी बसली नव्हती.

"आई, उपडा काय नि सुलटा काय. तुम्ही बोलता ते सगळं तिच्याकडे दिसतं. त्याच घडीला. तिने सांगितलं होतं की तुम्हाला, मी इथेच होते."

"सगळं?"

"सगळं."

"चहाचंसुद्धा?"

"चहाचं काय बोललात?" लतिका म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "असू दे. कळलं मला."

ती उठून आत गेली. मला सुकेळी आठवली. पिवळा कुर्ता आठवला. निळी पिशवी, जी अजून माझ्या गुडघ्यावर आहे. पेन न काढता हसत बसली होती ती. बुटकी सांगितली त्याच दिवशी तिला बुटकी कळली होती. आणि खरे शब्द माझ्याजवळ आहेत, तिची नोकरी वाचवतील असे आहेत, हेही त्याच दिवशी कळलं होतं. सबंध हिवाळा समोर बसली आणि एकदाही म्हणाली नाही, आजी, द्या.

आता पुढे काय बोलू? बोलेन ते जाईल. जाऊ दे.


बुधवार, २८ जानेवारी

आज फोन सुलटा ठेवून बसले होते. तिने दारातून तो पाहिला; मागच्या बुधवारचं पान तिने वाचलंच असणार. पायाशी न बसता खाटेवर बसली.

"रागावलात, आजी?"

"कोणावर रागवू? तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं." मग मी विचारलं, "सर काय म्हणाले?"

"सरांना तुमचे शब्द फार आवडले. सगळ्यांत जास्त तेच. म्हणाले, दोन गावांत मिळालेत ना? मला फक्त हो म्हणायचं होतं. कागदावर ते खरंच होतं, लूर्डस आजींची सही होती."

"मग?"

"मी म्हटलं, मिळालेत, पण जुने नाहीत. या हिवाळ्यातले आहेत, वटारच्या प्रेमलताबाईंनी केलेले. तसंच वेगळं पान करते. सर म्हणाले, आपल्याला जुन्या शब्दांचं काम आहे, बायकांनी गंमत म्हणून केलेल्या शब्दांचं नाही. पान काढलं. बाकीचं पुस्तक छापतायत, बारीक झालंय. आणि नोकरीचं मार्चनंतर बघू म्हणाले."

मार्चनंतर बघू. ही तर नवी कोरी रुसकी. कोणी फाडून टाकत नाही, कोणी घेतही नाही.

मी म्हटलं, "मूर्ख आहेस. हो म्हणायचं. आणि ते नव्हतं म्हणायचं तर माझ्याकडून खरे तरी काढून घ्यायचे. मी दिले असते. रडली असतीस तर नक्की दिले असते."

"माहीत होतं."

"मग?"

"टोपली उपडी होती ना, आजी."

हे तिने असं सांगितलं जशी ती वसईच्या बाजारातच जन्मली होती. चहा आला. साखर होती, थोडी. लतिका कपबशा ठेवून गेली नाही, दाराला टेकून उभी राहिली.


बुधवार, ११ फेब्रुवारी

अक्षया औषधाच्या दुकानात लागली, त्याच मनवेलपाड्याच्या, जिथून पिशवी आणली होती. दिवसभर उभं राहायचं, पगार बेताचा. दुकान बुधवारी बंद असतं. ही गोष्ट तिने मला पगाराच्या आधी सांगितली.

गेल्या आठवड्यात मी लतिकाकडून लूर्डसला फोन लावून घेतला आणि सगळं सांगितलं. लूर्डस ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "विचारलं नाही तिने?"

"नाही."

"सबंध हिवाळा?"

"सबंध."

"येते बुधवारी," म्हणाली आणि फोन ठेवला.

आज आली. नातवाला गाडीतच बसवून ठेवला. अक्षया आधीच आली होती, रिक्षावाल्याने तिला फाटकी नोट दिली होती, ती मला दाखवत म्हणाली, "आजी, रुसकी. सकाळीच." लूर्डस दारातच थांबली. मग मला म्हणाली, "हिचं पुस्तक झालं ना गो?"

"झालं. छापून आलं."

"त्यात आता काही घालता येत नाही?"

"नाही."

"आणि नोकरीही नाही ती?"

"गेली."

"मग ही गिऱ्हाईक कुठे राहिली?" असं म्हणून लूर्डस अक्षयाच्या शेजारी जाऊन बसली आणि काठी भिंतीला लावली. दोघींच्या मध्ये माझी जागा ठेवली आहे. मला खाटेवरून उठून खाली बसायला वेळ लागेल, गुडघा दुखेल, पण बाजारात आम्ही जमिनीवरच बसायचो आणि हे खाटेवरून सांगता येण्यासारखं नाही.

शब्द कामाचे होते तेव्हा देता आले नाहीत. आता तिच्या काही कामाचे नाहीत, म्हणून देतो आहोत. अशी आमची शपथ. मला हसूही येत नाही, नुसतं दमायला होतं. पण अक्षया मघापासून पेन न काढता, हात मांडीवर ठेवून बसली आहे, आणि लूर्डसने तिला आत्ताच कोपराने ढोसून नीट जवळ सरकायला सांगितलं.

लतिकाला मी हाक मारली आहे, फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला. उपडा ठेवून भागत नाही हे आता मला कळलं आहे. अक्षया, पुढचं पान तुझ्याकडे उघडणार नाही. तू इथेच आहेस, कान दे.